चारशे बारा आवाज

घशाच्या इस्पितळात त्यांना सगळे ढगवाले म्हणत. नाव पाडलं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. इस्पितळाची सगळी माहिती तळमजल्यावरच्या मशीनमधून उचलून एका बड्या कंपनीच्या क्लाउडवर चढवायची ठरली, तेव्हा चढवणारे हेच होते. चढवून झाल्यावर मशीन भंगारात गेल्या आणि त्या खोलीत उरलं एक टेबल, एक खुर्ची आणि मशीनसाठी लावलेला एसी. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. बावीस वर्षं इमानाने नोकरी केल्याचं हे फळ. ढगवाले बारा महिने स्वेटर घालून बसत.

काम एकच राहिलं होतं. दर सोमवारी ती कंपनी नव्या सोयींची आणि बदलांची यादी पाठवायची. साठ-सत्तर कलमं. अमुक बटण डावीकडून उजवीकडे गेलं, तमुक सेवा जलद झाली, आणखी कुठल्या सेवेचं नाव बदललं. नावं बदलायची तर त्या लोकांना खाजच होती. ढगवाले यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि इस्पितळाच्या कामाचं तेवढं अर्ध्या पानात लिहून सगळ्या विभागांना पाठवत. ते अर्धं पान कोणीही वाचत नसे. हे त्यांना ठाऊक होतं, तरी एक ओळ कधी पाट्या टाकल्यासारखी लिहिली नाही.

एका सोमवारी सत्तावन्नावं कलम आलं: स्मार्ट सफाई. आजपासून वर्षभर कोणी उघडली नाही ती फाइल आपोआप पुसली जाईल. नको असेल त्यांनी बटण बंद करावं. म्हणजे घरात शिरून झाडू मारायला सुरुवात करायची आणि नको असेल तर सांगा म्हणायचं!

ढगवाल्यांना पहिल्यांदा आठवल्या त्या आवाजांच्या फायली. या इस्पितळात एक चांगली रीत होती. ज्या पेशंटची स्वरपेटी काढायची, त्याला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका बंद खोलीत बसवून अर्धा तास त्याचा आवाज रेकॉर्ड करत. दुसऱ्या दिवसापासून तो आवाज कायमचा जाणार असे. कोणी मुलांना हाका मारून ठेवी, कोणी आयुष्यभराच्या शिव्या देऊन घेई, कोणी नुसतंच घसा खाकरत बसे. असे चारशे बारा आवाज जमले होते आणि त्यांतला एक ढगवाल्यांच्या बायकोचा होता. ऑपरेशननंतर ती दीड वर्ष बिनआवाजाची जगली. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि ती फाइल त्यांनी एकदाही उघडली नव्हती. छातीच होत नसे. बहुतेक घरांची हीच गत. माणसं वर्षानुवर्षं त्या फायलींना हात लावत नाहीत, ते नकोशा झाल्या म्हणून नव्हे. पण हे त्या कंपनीच्या शहाण्यांना कोण सांगणार?

बटणाचा अधिकार आता फक्त मोठ्या साहेबांकडे होता. ढगवाले तीनदा त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ते सफाईचं बटण बंद करायला हवं."

"नवीन सोय आहे ना ही?"

"सोय कसली, साहेब. पेशंटचे आवाज जातील."

"तुम्हाला मेलं प्रत्येक नव्या गोष्टीत खोटच दिसते. जागा वाचतेय आपली. वर्षभर कोणी ऐकलं नाही, त्याचं काय लोणचं घालायचंय?"

फायली उतरवून घेण्याची सोय आधीच्याच एका बदलात सुरक्षेच्या नावाखाली बंद झाली होती. मग ढगवाल्यांनी स्वतःच डोकं चालवलं. फाइल उघडून दहा सेकंद वाजवली की ती वापरात आहे असं धरलं जाई. ते रोज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून कानाला हेडफोन लावत आणि एकेक आवाज दहा सेकंद ऐकत. दिवसाला पंधरा-वीस. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. एक आजोबा घरात म्हणावं तसं "ऐकतेस का गं" म्हणत, ते त्यांना पाठ झालं. परक्यांचे चारशे अकरा आवाज त्यांनी असे धुगधुगीवर ठेवले.

बायकोचा मात्र प्रत्येक फेरीत मागे राही. आवाज बंद करून फाइल वाजवता आली असती, हे कळत नव्हतं असं नाही. पण तिचं तोंड पुन्हा एकदा दाबून तिला चालू करायचं, हे त्यांच्याच्याने होईना. वर्ष आहे अजून हातात, बघू, असं म्हणून ते पुढची फाइल उघडत.

सातेक महिन्यांनी साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमची ती सोमवारची चिठ्ठी बंद करा. आता कंपनीच यादीचा सारांश पाठवते, पाच ओळींत. आणखी एक नवीन सोय."

ढगवाले तरीही पूर्ण यादी वाचत राहिले. फक्त एका सोमवारी, आवाजांची फेरी मागे पडली होती म्हणून, त्यांनी पाच ओळींवर भागवलं. तिसरी ओळ होती: सफाई आता अधिक चपळ. मूळ यादीत त्रेचाळिसावं कलम होतं की वर्षाऐवजी सहा महिने धरले जातील, पुढच्या सोमवारपासून. ते त्यांनी वाचलं तेव्हा तो पुढचा सोमवार उलटून गेला होता आणि फायली चारशे अकरा होत्या.

कंपनीला त्यांनी चार पत्रं लिहिली. पुसलेलं परत आणण्याची सोय या योजनेत नाही, असं चारही वेळा गोड भाषेत उत्तर आलं. मग ते साहेबांकडे गेले.

"एकच गेली ना?" साहेब म्हणाले. "चारशे बारांत एक! उगाच रान उठवलं होतंत तुम्ही. नातेवाइकांची तक्रार आलीय का?"

"नाही," ढगवाले म्हणाले, आणि खाली येऊन बसले. संताप साहेबांचा आला होता, पण खरा कोणाचा आला होता ते त्यांचं त्यांना माहीत होतं.

लेकीला सांगायला त्यांना आठवडा लागला. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊ दे बाबा. निदान आई काय बोलली होती ते तरी सांगा."

ढगवाल्यांना ते सांगता येईना. रेकॉर्डिंगच्या दिवशी बायकोने शेजारची खुर्ची दाखवून त्यांना बस म्हटलं होतं. तो सोमवार होता, यादी येऊन पडली होती. "तू बोल, मी आलोच," असं म्हणून ते तळमजल्यावर गेले. परत आले तेव्हा अर्धा तास संपला होता आणि ती पाणी पीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिला आवाज होता. काय बोललीस, एवढं विचारायचं त्यांनी राहू दिलं, कारण फाइल होतीच.