मऊ पाण्याचा इलाज

बसा, गुळाचा चहा घ्या, पण पाणी मात्र जपून मागा! आमच्या वाडीत पाण्याचं नाव निघालं की मी मागच्या दारानं पळ काढते. का, ते सांगते. हसायचं नाही हं!

आमच्या विहिरीचं पाणी जड. म्हणजे किती जड? साबण झिजून जाईल पण फेस धरणार नाही. डाळ चुलीवर म्हातारी होईल, पण शिजायची नाही.

शेजारच्या सगुणाच्या लेकीला, चंद्राला, बघायला पाहुणे यायचे होते, पेणकडच्या खारेपाटातले. बापाविना पोर. आधीची स्थळं जेवून गेली ती गेलीच. हे तरी जुळायला हवं होतं. आणि ऐन त्या दिवशी सगुणा चुलीपुढं बसून रडतेय!

"वयनी, डाळ बघा, नुसती खडी! पाव्हण्यांच्या पानात काय वाढू, माझं डोस्कं?"

शेजारून रडणं ऐकू आलं आणि मी घरात गप्प बसले, असं झालंय का कधी?

"रडू नको गं. इलाज हाय माझ्यापाशी!"

होताच की! नुकतीच भिवपुरीला बहिणीकडे जाऊन आले होते. तिचा नवरा तिथल्या वीजघरात कामाला. साहेबाच्या बंगल्यामागं एक लोखंडी टाकी, आणि माळी तिच्यात चक्क मीठ ओततोय! मी कुंपणावरून मान घातलीच. बहीण म्हणाली, "अगं, पाणी मऊ करायची टाकी हाय ती. मीठ घातलं का पाणी मऊ येतं. पण ते मीठ..."

पुढचं ऐकायला थांबतंय कोण? गाडी गाठायची होती. आणि मला कुठलीही गोष्ट अर्धी कळली तरी पुरते!

लढाईचे दिवस. साखर मिळेना, रॉकेल मिळेना, पण मीठ मात्र मी वर्षाचं भरून ठेवलेलं. टोपलंभर आणलं आणि सगुणाच्या रांजणात ओतलं. वरून रवीनं घुसळलंसुद्धा!

"वयनी, खारट नाय ना व्हायचं?"

"अगं, साहेब पितो ते! साहेबाला काय जीभ नाय?"

चाखून बघावं, हे सुचलं का मला? छे!

तेवढ्यात बैलगाडी दारात. पाहुणे वेळेआधीच टपकले. चंद्रानं पदर सावरला, तांब्या रांजणात बुडवला आणि गुळाच्या खड्याबरोबर पुढं केला. मुलाच्या बापानं मोठ्ठा घोट घेतला. डोळे वटारले. पुन्हा एक घोट घेतला.

"पाणी कुठलं हे?"

सगुणा खांबाला टेकली. संपलं! पोरीचं लग्न मोडलं, तेही माझ्या हातानं! धरणीमाय, घे गं पोटात! भीतीनं मी भलतंच बोलून गेले, "विहिरीचंच! आमी बारमाही हेच पितो."

"मग पोरगी पक्की!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "आमच्याकडं पाणी खारं. थोरली सून गोड्या पाण्याची केली, ती घोटाघोटाला रडली अन् माहेरी जाऊन बसली. ही नाय रडायची!"

आत चंद्रानं भोकाड पसरलं. पाहुण्यांना वाटलं, आनंदानं. मी समजूत घालायला गेले, तर माझ्यावरच फणकारली, "काकी, तुमीच जा आता तिकडं नांदायला!"

बहिणीला सांगितलं, तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, पाणी मऊ करते ती टाकीतली वाळू. मीठ ती वाळू धुवायला! ते खारं पाणी आधी गटारात सोडून देतात, मग मऊ पाणी येतं."

"मग तेव्हाच सांगायचं नाय?"

"तू थांबलीस कुठं?"

लग्न झालं. चंद्राचं नशीब बरं, नवरा गुणाचा निघाला. लांबच्या तळ्यावरून तिच्यापुरतं गोडं पाणी आणून देतो. तिचं निभावलं हो, पण माझं काय?

व्याह्यांना आमच्या वाडीची भारी ओढ! ते येणार म्हटलं की सगुणा रिकामं टोपलं घेऊन माझ्या दारात हजर. मीठ माझं, ओतायचं मी, घुसळायचं मी, आणि त्यांच्यासमोर बसून हसत हसत तांब्याभर प्यायचंही मीच!

परवा मिठाचं मडकं तळाला गेलेलं, म्हणून जरा हात आखडला. व्याह्यांनी घोट घेतला, चुळबुळले आणि मला म्हणाले,

"वयनी, औंदा तुमची विहीर जरा अळणी लागते हो!"