सत्तर वर्षांची लेक

बँकेने माझी बदली केरळातल्या एका लहान गावी केली, तेव्हा आईने पहिल्यांदा विचारलं, "तिथं ज्वारी भेटते काय?" नाही म्हटल्यावर तिने माझ्यापुढे पुन्हा तो विषय काढला नाही. निघायच्या दिवशी मात्र माझ्या सामानात एक पिशवी जास्तीची होती. ती पिठाची होती.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, केनवडपासून बरंच आत. घरी आई, भाऊ, वहिनी. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आई तेव्हापासून भावाच्या बरोबरीने शेतात होती, किंवा खरं सांगायचं तर त्याच्या थोडी पुढेच. सकाळी भावाचा चहा व्हायच्या आत ती वावरात पोचलेली असायची.

पुढच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर मी रजेवर आले आणि जाताना तिला सोबतच घेऊन गेले. ती अठ्ठावन्नची असावी. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. मामा सांगायचे की ती त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि मामांचं वयही अंदाजानेच. पण वय कितीही असो, आमच्या गल्लीत ती म्हातारी धरली जायची. दाढा पडल्या होत्या, पाठीला वाक आला होता. तिच्या बरोबरीच्या बहुतेक बाया तर उरल्याच नव्हत्या.

मी तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली घरमालकीण, निवृत्त शिक्षिका, सत्तर वर्षांची विधवा. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी उभी होती. मग मला हाक मारून म्हणाली, "खाली पाय. ते कोन बाई हाय?"

अंगणातल्या पायरीवर घरमालकीण बसली होती. तिच्या मागे वरच्या पायरीवर एक वाळकी, पांढरीशुभ्र म्हातारी तिचे केस विंचरत होती. केसांतला गुंता निघेना म्हणून ती चिडली होती, आणि घरमालकीण "आई गं" केल्यासारखं तोंड करत होती.

"ती घरमालकीण," मी म्हटलं. "मागं बसली ती तिची आई."

"कोनाची?"

"तिचीच."

आईने पुन्हा खाली पाहिलं. मग खिडकीचा गज धरून हळूच म्हणाली, "सत्तर वर्साच्या बाईले माय हाय?"

मला आधी हसू आलं, आणि मग तिचा चेहरा पाहून ते जागच्या जागी थांबलं. माझी आजी, म्हणजे आईची आई, बाळंतपणात गेली तेव्हा आई आठ-नऊ वर्षांची होती. आईला तिचा चेहरा आठवत नव्हता. आठवत होता तो फक्त तिच्या लुगड्याचा काठ, कारण चालताना तो धरून ती मागेमागे जायची. माझ्या दोन मावश्या होत्या, त्याही चाळिशीच्या आतबाहेर गेल्या. आईला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असतं. माय ही लहानपणाची गोष्ट असते. आपण मोठे होतो तसतशी ती संपते.

त्यानंतर ती रोज सकाळी खाली जायला लागली. तिला मल्याळमचा एक शब्द येत नव्हता आणि त्या दोघींना मराठीचा. घरमालकीण शाळेत हिंदी शिकवायची, तेवढ्यावर थोडं भागायचं. आईची हिंदी म्हणजे वऱ्हाडीच, फक्त मोठ्या आवाजात. तरी काही अडलं नाही. आई त्यांच्या अंगणातल्या मिरच्या तोडायची, नारळाच्या हिरांचे झाडू बांधायची. रिकामं बसणं तिला जमायचं नाही.

एकदा मी बँकेतून घरी आले तर आई पायरीवर बसली होती आणि ती नव्वदी ओलांडलेली म्हातारी तिच्या डोक्याला तेल लावत होती. आईचे डोळे मिटलेले होते. म्हातारी तिला "मोळे, मोळे" करत काहीतरी सांगत होती. मी घरमालकिणीला विचारलं, "मोळे म्हणजे काय?"

"लेकी," ती म्हणाली.

वर आल्यावर मी आईला तो अर्थ सांगितला. ती पदराने कपाळावरचं तेल पुसत म्हणाली, "मले समजलं होतं." मग स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापताना मला पाठमोरी राहिली. त्या रात्री ती कमी जेवली.

तिथलं पुष्कळ काही तिला नवलाचं वाटायचं. तिथे पाणी उकळून, त्यात कसल्याशा झाडाची साल टाकून पितात, ते गुलाबी दिसतं. "इथं पान्याले बी रंग चढला वं," ती म्हणायची. घरमालकीण रोज संध्याकाळी फिरायला जायची, ते तर तिला अजिबात पटायचं नाही. "काई आनाचं नाई, काई नेयाचं नाई, तं जाते कायले?" माझ्या आईने आयुष्यभर पायपीट केली होती, पण डोक्यावर काही नसताना ती क्वचितच चालली असेल.

घरमालकीण तिला "चेच्ची" म्हणायची. चेच्ची म्हणजे थोरली बहीण. मला वाटलं, आदराने म्हणत असेल. एकदा बोलता बोलता मी आईचं वय सांगितलं, तर तिच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. तिने अंगणात वाकून पानं गोळा करणाऱ्या आईकडे पाहिलं. "मला वाटलं, त्या माझ्यापेक्षा मोठ्या आहेत," ती म्हणाली आणि ओशाळली. पुढे तिने आईला चेच्ची म्हणणं सोडलं. दुसरं काय म्हणावं हे मात्र तिला कधी ठरवता आलं नाही.

म्हातारीला तपासायला दवाखान्यातली नर्स अधूनमधून घरी यायची. एकदा घरमालकिणीने आग्रह करून आईचाही हात पुढे करवला. नर्सने रक्तदाब पाहिला, थोडं थांबून पुन्हा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी आईला दवाखान्यात नेलं. तो चालत जाण्याच्या अंतरावर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी सुरू करायची आणि रोज घ्यायची. बरं वाटलं तरी बंद करायची नाही.

"पन मले तं काईच होत नाई," आई म्हणाली.

"डोकं दुखतं ना तुझं?"

"डोकं तं समद्याइचंच दुखते."

आमच्याकडे ते खरंच होतं. दुपारी वावरातून परतणाऱ्या बायांपैकी अर्ध्या कपाळाला फडकं बांधूनच यायच्या. त्याला कुणी आजार म्हटलंच नव्हतं.

गोळीने तिचं डोकं उतरलं. गाल भरले. सकाळी जरा उशिरा उठायला लागली आणि त्याची तिला लाज वाटायला लागली. मी म्हटलं, इथेच राहा. पण तूर सोंगायला, म्हणजे कापायला, आली होती आणि भावाचा रोज फोन यायचा. "एकटी सून काय काय करन?" असं म्हणून तिने पिशवी भरली. निघताना ती म्हातारीच्या पाया पडली. म्हातारीने तिचा हात बराच वेळ सोडला नाही. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.

गावी गेल्यावर ती सुरुवातीला नेमाने गोळी घ्यायची. मी दिलेल्या संपल्या तशी भावाने रिसोडहून आणल्या. मग निंदणाचे दिवस आले. गोळ्यांसाठी जायचं म्हणजे सबंध दिवस मोडायचा. एक वेळ बस आली नाही, एक वेळ दुकानात त्या नव्हत्या, एक वेळ पाऊस. आणि तिला तर बरंच वाटत होतं. मी फोनवर विचारायची तेव्हा म्हणायची, "घेतली वं, घेतली. तू जेवली काय ते सांग." वहिनीने नंतर सांगितलं, शेवटी शेवटी डोकं दुखलं तरच ती गोळी शोधायची.

सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. दुपारची वेळ. पिकाच्या तासात निंदता निंदता तिच्या हातातलं खुरपं गळालं. शेजारच्या बाईने उचलून दिलं, तर पुन्हा गळालं. तिला काही बोलायचं होतं पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बायांना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं. भाऊ मोटरसायकल घेऊन आला. वहिनी मागे बसली, मधे आई. पांदणीच्या वाटेवरच्या चिखलातून तिला दोन्ही हातांनी आवळून धरत वहिनी केनवडपर्यंत आली. तिथून गाडी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांना जमेल ते सगळं केलं आणि अकोल्याला हलवायला सांगितलं. अकोला आलंच नाही. वहिनी सांगते, वाटेत आईने तिचं बोट घट्ट धरलं होतं, आणि ते कधी ढिलं झालं हे तिला कळलं नाही.

मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

बैठकीला माणसं यायची, बसायची, चहा घेऊन जायची. प्रत्येक जण तेच बोलायचा. भाग्याची गेली. खाटेवर पडली नाही. कोणाला त्रास दिला नाही. मग मामा म्हणाले, "अन् वयबी झालतं."

ते ऐकून मला राहवलं नाही.

"किती वय झालं होतं, मामा?"

"साठीले टेकली होती नं."

"साठ म्हणजे वय झालं? मी राहते तिथं सत्तर वर्षांच्या बाईची वेणी तिची आई घालते. साठीत कुणी वय झालं म्हणत नाही तिथं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. भावाने मान खाली घातली. मला वाटलं, मामा रागावतील. ते रागावले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून थोडे पुढे सरकले आणि लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले, "पोरी, आपल्या घरात तिच्याएवढी कोनती बाईच झाली नाई. तुही आजी नाई, तुह्या मावश्या नाई. समद्याइत जास्त तिनंच पाह्यलं."

ते माझी समजूत घालत होते. त्यांच्या हिशेबाने आईला इतरांपेक्षा जास्तच मिळालं होतं. मी उठून मागच्या अंगणात गेले. बैठकीला आलेल्यांमध्ये एकही बाई आईहून मोठी नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

तेरवी करून मी परत गेले. घरमालकिणीला फोनवर कळवलं होतं, पण तिने आपल्या आईला सांगितलं नव्हतं. "या वयात तिला धक्का नको," ती म्हणाली. पण म्हातारी मला पाहिलं की खुणेने विचारायची, ती कुठे? कधी येणार? मी हात हलवून काहीतरी सांगायची आणि जिना चढायची. काही आठवड्यांनी मात्र तिने माझी ओढणी धरली आणि सोडेना. मग मी तिच्याजवळ पायरीवर बसले. लेकीने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

म्हातारी रडली नाही. तिने एक प्रश्न विचारला. लेकीने उत्तर दिलं. म्हातारीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेच उत्तर मिळालं. मग ती तळहातावर तळहात ठेवून फाटकाकडे पाहत राहिली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

घरमालकिणीला सांगावं की नाही कळेना. "वय विचारत होती," ती म्हणाली. "मी सांगितलं. तर म्हणते, ती तर लहान होती."

गावी सगळे मला रडू देत होते, तेव्हा मला धड रडू आलं नव्हतं. त्या पायरीवर आलं. म्हातारीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि कुणी समजूत घातली नाही.

आता माझी बदली वाशीमला झाली आहे. रविवारी बसने गावी जाते. सोबत रक्तदाब मोजायचं यंत्र असतं आणि वहिनीच्या गोळ्या असतात. तिलाही रक्तदाब निघाला आहे. ती अजून पंचेचाळीसचीही नाही. सुरुवातीला ती टाळायची. "तुमी आल्या का मले बीमारच करता, ताई," म्हणायची. आता मी ओसरीवर टेकले की स्वतःच बाही वर करते. शेजारच्या दोघीतिघी येतात. काहींना गोळ्या लागतात, त्यांना मी तालुक्याला जायला सांगते. काही जातात. काही जात नाहीत.

परवा हाताला पट्टा बांधत होते तेव्हा वहिनीने विचारलं, "ताई, तिकडच्या बाया खरंच एवढ्या जगतेत?"

"पुष्कळ जगतात."

"नव्वद वर्स?"

"काही काही."

ती विचारात पडली. यंत्राची हवा सुटली. मग म्हणाली, "अन् एवढं जगून करतेत काय वं?"

"काही नाही. बसतात. कुणी आलं-गेलं तर बोलतात. जेवण आवडलं नाही तर कुरकुर करतात."

"बस?"

"बस."

वहिनीने बाही खाली केली, समोरच्या उन्हाकडे जरा वेळ पाहिलं. "मलेबी जमन ते," ती म्हणाली, आणि गोठ्यात म्हैस ओरडली तशी उठून गेली.