खडकातला बैल

दादाच्या शेताच्या कडेला एक आडवा काळा खडक आहे. दादानं पाठवलेल्या फोटोत मला त्यावर कोरलेला बैल दिसला, असं फोनवर सांगितलं तर दादा खो खो हसला.

"आपल्या बायांनी इळे घासले त्याच्यावर. तुले बैल काऊन दिसून राह्यला?"

हसू दे, पण दुसऱ्या सकाळी तो खडक फोडायला मशीन येणार होतं. ठिबकची टाकी बसवायची होती ना! बँकेत रजा टाकून मी आदिलाबादहून नेरडीगोंड्याची बस धरली.

भर दुपारी पोचले, तर खडक नुसता काळाठिक्कर. पाणी ओतलं, मोबाइल वाकडातिकडा धरला, चक्क पोटावर झोपून पाहिलं. वांगी तोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला स्वतःचाच संताप आला.

ऊन कललं आणि वशिंड दिसलं. मग पाठ, मग शिंगं. पाय मात्र जुळेनात. दोन खाचा खरंच विळ्याच्या असाव्यात. मी या बाजूनं त्या बाजूला नुसती येरझारा घालत होते. एकदा बैल वाटे, एकदा काहीच नाही.

"थांब, चुन्यानं रेघा भरतो, मंग साफ दिसन," दादा म्हणाला.

मी त्याच्या अंगावर धावूनच गेले. चुना भरला की आपणच काढलेला बैल दिसणार! पूर्वी कधीतरी ज्यानं दगडानं दगड ठोकला, त्याचा बैल मला हवा होता. असलाच तर.

"दोन दिवस दे. जाणकार माणूस आणते."

"मशीन काय रोज भेटते?"

कडाक्याचं भांडण झालं. मी जेवले नाही. वहिनीनं ताट झाकून ठेवलं. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

उजाडताच, कोवळं तिरपं ऊन गाठायला, मी शेताकडं धावले. वहिनी तिथं आधीच होती. अख्खा खडक तेल-शेंदरानं लालभडक! वर झेंडूचा हार, समोर उदबत्ती.

"तुमी म्हणता ना बैल हाय? मंग नंदीच तो. आता कोनी हात लावत नाई, ताई."

मशीनवाल्यानं खडक पाहिला, तेलुगूत "देवुडु", देव, म्हणत चपला काढल्या आणि हात जोडले. दादानं टाकीची जागा बदलली.

मी वहिनीच्या गळ्यात पडून रडले. तिला वाटलं, आनंदानं. तोही होताच थोडा.

आता ती दर सोमवारी नवा थर चढवते. मी गेले की मला नमस्कार करायला लावते. वाकले की नजर आपोआप वशिंडाच्या जागी जाते आणि नखं शिवशिवतात. बोटभर शेंदूर खरवडला तरी कळेल, खाली खरंच बैल आहे का, असं वाटतं. पण देव म्हटल्यावर माझाही हात धजत नाही.