दहापैकी तुझं पोट किती?

माझ्या रूममेटइतका बिनकामाचा संशोधक घाटकोपर ते मुलुंड शोधून सापडायचा नाही. एमए सायकॉलॉजी करत होता, म्हणजे आमची डोकी खात होता. विषय काय, तर दुसऱ्याचं शरीर बघून माणूस स्वतःला किती कमी समजतो. त्यासाठी हा मोबाईलवर जिममधल्या पैलवानांचे फोटो घेऊन बिल्डिंगभर फिरायचा. आधी फोटो दाखवायचा, मग विचारायचा, "आता स्वतःच्या पोटाला दहापैकी किती देशील?" वॉचमनने खुशाल दहा दिले. डबा देणाऱ्या काकू म्हणाल्या, "मेल्या, पोट माझं, मार्क मागणारा तू कोण?" तर हा गंभीरपणे म्हणतो, "काकू, तुम्ही मनातलं लपवताय." आमच्या बार्शीच्या शाळेत ह्याला बाकावर उभं केलं असतं.

आणि साहेब स्वतः? आरसा दिसला की श्वास आत. लिफ्टमध्ये कोणी सडपातळ शिरला की पाठीवरची बॅग पोटावर. फोटोची वेळ आली की, "मी काढतो ना!" त्यामुळे आमच्या सगळ्या फोटोंत सगळे आहेत, फक्त हाच नाही. मी त्याची नक्कल करायचो, पोट आत, मान वर, आवाज कोंडलेला. पोरं लोळायची. त्याच्यासमोर मात्र कधी केली नव्हती.

मग बोरिवलीला त्याच्या ताईचं लग्न निघालं. आदल्या दिवशी तिचा मला फोन. "अरे, हा माझ्या एकाही फोटोत नाही. लग्नाच्या तरी फोटोत पाहिजे मला. कर ना काहीतरी."

नवरदेव नेमका जिमवाला, दंडाने शेरवानी फाटेल असा. घरचे स्टेजवर उभे राहिले, आणि हा मोबाईल घेऊन खाली. "मी काढतो ना, ताई!"

मी सरळ स्टेजवर चढलो, पोट आत घेतलं, मान वर केली आणि त्याच्याच आवाजात म्हणालो, "ताई, तुझ्या भावाच्या जागी मी उभा राहतो. तो काय येत नाही."

अख्खा हॉल हसला. हा नाही हसला.

"मी असा दिसतो?"

"असाच. श्वास सोड ना यार, मरशील."

ताईने हात पुढे केला. "ये रे. पोटासकट ये."

आला. तिच्या आणि नवरदेवाच्या मध्ये उभा राहिला आणि एकदाचा श्वास सोडला. कुर्ता असा पुढे आला की फोटोत नवरदेव अर्धाच दिसतो. ताईने तोच मोठा करून भिंतीवर लावलाय.

आता तो नोकरीला बंगलोरला, तिथल्या लोकांची डोकी खातोय. इथे पोरं म्हणतात, त्याची नक्कल कर ना. करतो. पोट आत, मान वर, सगळे हसतात. मग मी श्वास सोडतो, त्याने स्टेजवर सोडला होता तसा. तिथे कोणी हसत नाही. त्यांना वाटतं, नक्कल संपली.