डाव्या हातातली घंटा

मशीनचा रिपोर्ट पुन्हा तोच आला: ‘नो एफर्ट’. म्हणजे पेशंट प्रयत्नच करत नाही.

आमचे बॉस डॉक्टर सक्सेना म्हणाले, “वीणाजी, वेटिंग लंबी है. इनका स्लॉट किसी और को दे दीजिए.”

मी झाशीत फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट म्हणजे बडा बाजारातल्या एका देवळाचे पुजारी. घरचे मराठी, म्हणून मी त्यांना गुरुजी म्हणते. स्ट्रोकनं त्यांचा डावा हात लुळा पडला होता. पहिल्या काही महिन्यांत मेंदू नव्या वाटा लवकर शिकतो, पुढे ते अवघड होतं. आत्ता स्लॉट गेला तर हात बहुधा गेलाच, आणि हाताबरोबर पूजाही.

हे मशीन म्हणजे रोबोटिक ग्लव्ह. बोटांनी जरासा प्रयत्न केला की सेन्सरला कळतं आणि उरलेली मूठ ग्लव्ह मिटवतो. सुरुवात मात्र पेशंटनंच करायची. समोर स्क्रीनवर गेम असतो: फळ उचलायचं, ताटात ठेवायचं.

मला रिपोर्टचा रागच आला होता. टॉवेलची घडी हातात दिली की याच गुरुजींची बोटं हलायची.

“गुरुजी, स्क्रीनसमोरच हात का थांबतो?”

ते ओशाळले. “ताई, ताटात फळ ठेवायचं, तेही डाव्या हातानं? नैवेद्य असा दाखवतात का? खेळ आहे, सब समझता हूँ. पण मनच होत नाही.”

डाव्या हातानं पोळी वाढली म्हणून लहानपणी मी बोलणी खाल्ली आहेत. मला जास्त समजावावं लागलं नाही.

“मग पूजेत डावा हात काय करतो?”

“घंटा वाजवतो. उजव्यात निरांजन असतं ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं घरची घंटा आणली. मी गेम बंद केला. ग्लव्ह गेमशिवायही चालतो. उजव्या हातात रिकामी वाटी दिली, डाव्यात घंटेचा दांडा. गुरुजींनी सवयीनं डोळे मिटले. ग्लव्हची मोटर घुरघुरली, बोटं दांड्याभोवती आली आणि घंटा एकदा किणकिणली. शेजारच्या बेडवरच्या बाईंनी हात जोडले.

घंटा ऐकून सक्सेना सर धावत आले. “सेटिंग में क्या बदला?”

“फल हटाया सर, घंटी दे दी.”

स्लॉट राहिला.

आता आरती गुरुजीच करतात. सदऱ्याची बटणं अजून सून लावते. गेममध्ये घंटा टाका, असा मेल मी कंपनीला केला. ‘रिक्वेस्ट नोटेड’ असं उत्तर आलं. तोवर कुणालाही ग्लव्ह चढवण्याआधी मी विचारते, हा हात घरी काय करायचा? मशीनला अजून ते विचारता येत नाही.