साहेबांचं स्टॉपवॉच

रेडिओत नोकरी केलेल्या माणसाला किस्से सांगायचा आग्रह करावा लागत नाही. टेपा आम्ही पुसून पुन्हा वापरायचो, किस्से मात्र पुसले जात नाहीत. माझे बहुतेक आमच्या साहेबांचे. सत्तरच्या दशकात पुण्याहून बदलून नागपूरला आले, ते गळ्यात स्टॉपवॉच अडकवूनच! वादाचा विषय असला की दोन्ही बाजूंना सेकंदाला सेकंद सारखा वेळ, हा त्यांचा कायदा.

*

शहरातल्या जरीपटका वस्तीतल्या एका बाईंना पाणीटंचाईवर बोलायला आणलं. "चार दिवस झाले, नळाले पानी नाही," एवढं बोलून त्या थांबल्या. पाणीखात्याच्या अधिकाऱ्यानं पाच मिनिटं घेतली. साहेबांनी बाईंना परत बसवलं. "अजून पावणेपाच मिनिटं बोला."

"काय बोलू साहेब? पानीच नाही तं!"

*

रस्त्यातल्या खड्ड्यांवर एक रिक्षावाला तावातावानं बोलून गेला. झकास रेकॉर्डिंग! उत्तर द्यायला इंजिनिअर आलेच नाहीत. साहेबांनी रिक्षावाल्याचीही टेप पुसायला लावली. "आता दोघांनाही सारखाच वेळ मिळाला!"

ही युक्ती मग सगळ्या खात्यांना कळली. कोणी यायचंच नाही.

*

मेश्राम गुरुजी जवळच्या खेड्यात शिकवायचे. छप्पन साली बौद्ध झालेलं घर. त्यांच्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीवरून हाकलून देत. मला म्हणाले, "एकडाव रेडिओवर येऊ द्या भाऊ. पंचायतीच्या रेडिओवर अख्खं गाव आयकते. मंग कोनाले नाही म्हनता येनार नाही."

साहेबांनी विचारलं, "दुसरी बाजू?"

मला वाटलं, गंमत करताहेत. "साहेब, याला कसली दुसरी बाजू?"

त्यांनी गावच्या सरपंचांना बोलावणं धाडलं. ते आले, चांगला इस्त्रीचा कोट घालून! मला आजही त्याची चीड येते.

दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. मधे तांब्या आणि दोन पेले. गुरुजी पाच मिनिटं बोलले, एकदाही आवाज न चढवता. मग सरपंच. "आमच्या गावात भेदभाव नाही. विहीर समद्यायची हाये..." बोलता बोलता त्यांना ठसका लागला. गुरुजींनी पेला भरून त्यांच्यापुढे सरकवला.

सरपंचांनी खुर्ची मागे ओढली. "नको, नको! तुमच्या हातचं नको." आणि खोकत खोकत पुढचं बोलले.

रेकॉर्डिंग संपल्यावर साहेबांनी टेप पुन्हा ऐकली, स्टॉपवॉच लावून.

"पाण्याचे ते अकरा सेकंद काप," मला म्हणाले. "गुरुजींच्या बाजूला जास्त जातात."

मी ब्लेड घेतलं.