खिडकीमावशी आणि दहावी पसंती

मावशींनी दूध गॅसवर ठेवलं आणि दारावर धडाधड थापा पडल्या. नवरा गालावर साबणाचा फेस तसाच ठेवून बाहेर आला.

"उघड. इतक्या सकाळी इतक्या हक्काने दार बडवतंय म्हणजे तुझंच गिऱ्हाईक."

निवृत्तीला दोन वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये त्या खिडकीमावशीच होत्या. सरकारी कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. खिडकी इतकी ठेंगणी, की बाहेरच्याला कमरेत वाकल्याशिवाय आत बोलताच येत नसे. मावशी माणसं ओळखायच्या त्या हनुवटीवरून. खिडकी उंच करा, असा अर्ज त्यांनी चार प्राचार्यांना दिला होता. चौघंही "बघू" म्हणाले होते.

दारात खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली उभी होती, गळ्यात टेप तसाच. मागे बारावी पास झालेली लेक, तोंड एवढंसं करून.

"मावशी, हिने कॉलेजचा फॉर्म भरलाय. मैत्रीण म्हणते, घोळ घातलास. आज बारापर्यंतच बदलता येतो."

मावशींनी चष्मा चढवला आणि मुलीच्या मोबाईलवर यादी वाचली. पहिल्या पसंतीला नव्या रस्त्यावरचं विनाअनुदानित कॉलेज. सरकारी थेट तळाला, दहावं.

"तुला जायचंय कुठे?"

"सरकारीत. तिथली प्रयोगशाळा बघितलीये मी."

"मग ते शेपटाला का?"

"परीक्षेत सांगतात ना, सोपं आधी सोडवा, अवघड शेवटी. जिथे नक्की मिळेल ते आधी लिहिलं."

"पेपर छान सोडवलास," नवरा फेसातून म्हणाला.

"तुम्ही दाढी करा. आणि तू ऐक गं. यादी वरून खाली वाचतात आणि जिथे पहिल्यांदा जागा मिळते तिथे थांबतात. पहिली पसंती मिळाली की घ्यावीच लागते. खालच्या नऊंकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आवडीचं वर, नक्की मिळणारं तळाला."

"पण मावशी, त्या नव्या कॉलेजला काचेची दारं आहेत," आईचा जीव तिथे अडकला होता. "तुमच्या सरकारीला नुसते पोपडे."

"पोपडे भिंतीला आहेत, शिकवणाऱ्यांना नाहीत. तुझ्या यादीत मधे जे अनुदानित कॉलेज आहे, त्याची इमारत संस्थेची, पण मास्तरांचा पगार सरकारचा. विनाअनुदानितचं सगळंच तुमच्या फीवर चालतं. त्यातही काही उत्तम असतात हो, पण या काचवाल्यांकडे मास्तर वर्षाला बदलतात."

"म्हणजे वरून झगमग, आत अस्तरच नाही," शिवणकामवालीला एकदम उमगलं.

"आणि यादीत एकापुढे स्वायत्त लिहिलंय ते?" मुलीने विचारलं.

"आपला अभ्यासक्रम, आपली परीक्षा स्वतः ठरवणारं. सरकारी असो वा खाजगी, कुणीही स्वायत्त असू शकतं. दोन नंबरला टाक."

मुलीने फॉर्म पुन्हा उघडला. दहावं वर आलं, पहिलं तळाला गेलं. मावशींनी प्रत्येक ओळ बोट ठेवून तीनदा वाचून घेतली. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि नवरा अर्ध्या दाढीनिशी गॅसकडे धावला. साडेनऊला फॉर्म जमा झाला. ओटा पुसायला मात्र दहा वाजले.

पाच दिवसांनी पुन्हा तशाच थापा. या वेळी लेक पुढे आणि आई मागे.

"मावशी, मिळालं. पहिलीच पसंती. उद्या मूळ कागदपत्रं घेऊन खिडकीवर बोलावलंय."

"ठेंगणी खिडकीच ना अजून?"

"तीच. मैत्रीण म्हणाली, वाकून वाकून पाठ गेली."

मावशी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. शिवणकामवालीने गळ्यातला टेप काढला. "मापं देऊनच टाका. काय शिवू तुमच्यासाठी? संकोच करू नका."

"मागून घे, पडदे जुने झालेत," आतून नवऱ्याचा आवाज.

मावशींनी टेप पुन्हा तिच्या गळ्यात घातला आणि मुलीकडे वळल्या.

"शिवायला काही नको. उद्या मला बरोबर ने. एकदा मला त्या रांगेत बाहेरच्या बाजूने उभं राहायचंय."